मागचा क्रॉस पुन्हा पुन्हा जातोय? जुन्या फोर व्हील जीपच्या जॉइंट शाफ्टचं दुखणं शोधताना

पहिला गिअर टाकून क्लच सोडला की गाडीखालून ‘टक्’. रिव्हर्स टाकला की पुन्हा ‘टक्’. विजयपूर रोडला लागून ५५-६० चा वेग धरला की पायाखालचा पत्रा थरथरतो, गिअरच्या दांड्याची मूठ हाताला झिणझिण्या आणते. ॲक्सिलरेटर सोडला की थरथर बदलते, पण थांबत नाही. ही लक्षणं एकत्र आली म्हणजे दुखणं बहुतेक जॉइंट शाफ्टमध्ये, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या गाडीखालच्या लांब फिरत्या दांड्यात आहे. गॅरेजवाला खाली शिरून शाफ्ट हलवतो, “मालक, क्रॉस गेलाय” (शाफ्टच्या टोकाचा अधिकच्या खुणेसारखा सांधा) म्हणतो आणि अर्ध्या दिवसात नवा क्रॉस घालून देतो. गाडी चार-पाच महिने शांत चालते. मग पुन्हा ‘टक्’.

माझ्या जीपचं असंच चाललं होतं. मंद्रूपच्या पुढे आमचं शेत आहे, सोलापुरातून आठवड्याला तीन-चार फेऱ्या होतात. चौदा महिन्यांत मागच्या शाफ्टचे तीन क्रॉस गेले. तिन्ही पेटीबंद, चांगल्या दुकानातून घेतलेले. तिसऱ्या वेळी ठरवलं की हा का गेला हे कळल्याशिवाय चौथा घालायचा नाही. मोहोळ, मंगळवेढा, बार्शीपर्यंत आपल्याकडे जुन्या फोर व्हील जीपा आणि जिप्सी अजून शेताच्या कामावर आहेत, आणि क्रॉस बदलण्यात अनेकांचे पैसे असेच जातात. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी गाडीखाली काय काय फिरतं ते. जीपमध्ये ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, गिअरबॉक्सलाच जोडलेली असते. तिथून एक शाफ्ट मागच्या हाउसिंगला (दोन चाकांमधल्या ॲक्सलच्या पेटीला) जातो, एक पुढच्या. जिप्सीत ट्रान्सफर केस वेगळी बसवलेली असल्यामुळे गिअरबॉक्स ते ट्रान्सफर केस असा तिसरा छोटा शाफ्ट असतो. जिप्सीवाले तो हमखास विसरतात आणि मागच्या शाफ्टवर खर्च करत बसतात. प्रत्येक शाफ्टच्या दोन टोकांना एकेक क्रॉस असतो, आणि शाफ्टची लांबी कमी-जास्त व्हावी म्हणून दातांचा स्लिप जॉइंट. पाटे (कमानीच्या पट्ट्या) दबले-उठले की हाउसिंग वर-खाली होतं, त्यामुळे ही सरक लागतेच.

खाली शिरण्याआधी एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. जुन्या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावर असतो. म्हणजे हँडब्रेक मागच्या शाफ्टला धरतो, चाकांना नाही. शाफ्ट सोडला की हँडब्रेकही गेला आणि गिअरमध्ये टाकलेली गाडीही मोकळी झाली. उतारावर शाफ्ट काढला तर गाडी अंगावरून जाईल. सपाट जागा बघा, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, गाडी उचलायची तर घोडीवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली मी कुणालाही जाऊ देत नाही.

आता तपासणी. ठोकळे लावून गाडी न्यूट्रलला आणा आणि शाफ्ट हाताने उलटसुलट फिरवून बघा. थोडा खेळ डिफरन्शियलच्या (हाउसिंगमधल्या, दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या) दातांमध्ये असतोच, त्याने घाबरू नका. बघायचं ते हे की क्रॉसच्या एका बाजूचा योक (क्रॉस धरणारा दोन कानांचा चिमटा) हलतो तेव्हा दुसऱ्या बाजूचा त्याच क्षणी हलतो का. मध्ये केसभर जरी उशीर झाला तर खेळ क्रॉसमध्ये आहे. मग शाफ्ट वर-खाली उचलून बघा, क्रॉसच्या टोकांवर चढवलेल्या कपाच्या कडेला हालचाल दिसली तर निकाल लागला. कपाच्या तोंडाशी तांबूस, विटेच्या भुकटीसारखी पूड दिसली तर आत ग्रीस संपून गंज धरलाय. ही पूड दिसली की मी तरी पुढची तपासणी करत बसत नाही, क्रॉस काढतोच.

त्यानंतर पिनियनची (डिफरन्शियलच्या तोंडाशी असलेल्या गिअरची) फ्लँज, म्हणजे शाफ्ट जोडायची चकती, पकडून वर-खाली, आत-बाहेर जोरात हलवा. ती हलली तर पिनियनचं बेअरिंग गेलंय. ते तसंच ठेवून कितीही क्रॉस घातले तरी उपयोग नाही. ट्रान्सफर केसच्या बाजूलाही तसंच बघा. गिअरबॉक्सखालचं रबर फाटलेलं असेल तर ॲक्सिलरेटर दाबताच पूर्ण गिअरबॉक्स उचलतो आणि शाफ्टचा कोन बदलतो, तेही याच वेळी बघून घ्या. पाट्यांचे यू-बोल्ट ढिले असतील तर हाउसिंग जोर लागताच पीळ खातं. हे सगळं पाच मिनिटांचं काम आहे.

थरथरीचं कोडं मात्र वेळ खातं. थरथर चाकाची की शाफ्टची, हे आधी ठरवावं लागतं. माझ्या टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६-१७ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला सात-साडेसात वेळा फिरतं. डिफरन्शियलचं प्रमाण साडेचार धरलं तर शाफ्ट त्याच सेकंदात ३३ वेळा फिरतो, मिनिटाला २०००. त्यामुळे चाकाची थरथर मोजता येईल अशी संथ, हेलकाव्यासारखी असते. शाफ्टची बारीक, भुंग्यासारखी, अंगात शिरणारी असते. स्टिअरिंग डुलतंय तर चाकाकडे बघा. सीट आणि पत्रा गुणगुणतोय तर शाफ्टकडे.

शाफ्टचीच ठरली तर त्यातही दोन जाती आहेत. वजन असमान झालं असेल तर थरथर फेऱ्यामागे एकदा येते आणि वेगाबरोबर वाढत जाते, ॲक्सिलरेटर दाबा की सोडा, फारसा फरक पडत नाही. कोनाचा घोटाळा असेल तर फेऱ्यामागे दोनदा येते, कमी वेगातही जाणवते, आणि जोर लावला-काढला की तिचा सूर बदलतो. माझी दुसऱ्या जातीची होती. हे मला पहिल्या क्रॉसच्या वेळी माहीत असतं तर पुढचे दोन वाचले असते.

असमान वजनाचं आपल्याकडचं सगळ्यात साधं कारण म्हणजे काळी माती. परतीच्या पावसात शेतातून गाडी काढली की शाफ्टला चिखल चिकटतो. गाडी रात्रभर उभी राहिली की तो खालच्या बाजूला जमून वाळतो, आणि आपली काळी माती वाळली की ठोकल्याशिवाय निघत नाही. नळीच्या एका बाजूला १०० ग्रॅम माती, मध्यापासून चार सेंटीमीटरवर. शाफ्ट मिनिटाला २००० वेळा फिरताना तेवढा गोळा शाफ्टला जवळजवळ १८ किलोच्या जोराने बाहेर ओढतो, आणि ती ओढ सेकंदाला ३३ वेळा दिशा बदलते. म्हणून पावसाळ्यात थरथर आली तर गॅरेजला जाण्याआधी खाली शिरा आणि लाकडाच्या फळीने माती खरवडून काढा. ऊसतोडीच्या हंगामात पाचट, सुतळी, ठिबकच्या नळीचे तुकडे क्रॉसभोवती गुंडाळले जातात तेही बघा. सुतळी कपाच्या सीलमध्ये शिरली की सील फाटतं आणि ग्रीस बाहेर पडतं.

माती नसेल तर नळीवर हात फिरवून पोचा आलाय का बघा. नळीला छोट्या पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात, ती बॅलन्सिंगची वजनं. एखादी उडाली असेल तर तिथे चौकोनी खूण उरते. नळी वाकलीय का हे कळायला खडू पुरतो. मागची चाकं घोडीवर, इंजिन बंद, गाडी न्यूट्रलला. खडू ठोकळ्यावर टेकवून नळीच्या अगदी जवळ धरायचा आणि दुसऱ्याने शाफ्ट हाताने फिरवायचा. सगळीकडे सारखी रेघ उठली तर नळी सरळ आहे, एकाच बाजूला उठली तर तिथे फुगवटा आहे. वाकलेली नळी ठोकून सरळ करायच्या भानगडीत पडू नका. ज्याच्याकडे शाफ्ट बॅलन्स करायचं यंत्र आहे त्याच्याकडेच द्या.

माझ्या शाफ्टला यातलं काहीच नव्हतं. नळी सरळ, वजनं जागेवर, पिनियन घट्ट. म्हणून मी गेलेला तिसरा क्रॉस चिंधीत बांधून आणि शाफ्ट खांद्यावर टाकून आमच्या ओळखीच्या लेथवर गेलो. तिथल्या चाचांनी आयुष्यभर ट्रकच्या शाफ्टची कामं केली आहेत. त्यांनी शाफ्टकडे बघितलंही नाही, आधी चिंधी सोडली. क्रॉस डिझेलमध्ये बुडवून पुसला आणि दारातल्या उजेडात धरला.

क्रॉसला चार हात असतात. प्रत्येक हातावर सुयांसारख्या रोलरचा कप चढतो. चांगला हात आरशासारखा गुळगुळीत असतो. माझ्या क्रॉसच्या चारही हातांवर एका बाजूला रेघा उमटलेल्या होत्या, फणीच्या दातांसारख्या, सारख्या अंतरावर. नख फिरवलं की नख अडकायचं. शिवाय मागच्या योकमध्ये बसणारे दोन हात निळसर काळे पडले होते. पुढचे दोन पांढरे.

“ह्या रेघा बघा मालक. सुया एकाच जागी आपटून आपटून पडल्यात. शाफ्ट नीट फिरत न्हाई, धक्के देतोय. आन् हे दोन भाजलेत. भाजायला ग्रीस तरी न्हवतं, न्हाईतर कप तरी आवळला.”

मग त्यांनी शाफ्ट आडवा ठेवला, स्लिप जॉइंटवरची वाळलेली माती आणि जुना रंग वायर ब्रशने काढला. खालून दोन बाण निघाले, एक नळीवर, एक स्लिप योकवर. बाण समोरासमोर नव्हते. चाचांनी बोट ठेवून दात मोजले.

“दोन दात सरकलाय. कुणीतरी काढलावता आन् अंदाजानं घातलाय.”

माझ्या शाफ्टला १६ दात आहेत. एक दात म्हणजे साडेबावीस अंश, दोन म्हणजे ४५. याचा परिणाम नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण पुन्हा पुन्हा जाणाऱ्या क्रॉसमागे हे कारण फार वेळा असतं आणि फार कमी वेळा शोधलं जातं.

क्रॉसचा जॉइंट कोनात फिरतो तेव्हा एका बाजूचा वेग सारखा असला तरी दुसऱ्या बाजूचा सारखा राहत नाही. एका फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा क्रॉस हीच चूक उलटी करून भरून काढतो, आणि पिनियनला सारखा वेग मिळतो. पण त्यासाठी दोन अटी आहेत. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या योकचे कान एकाच पातळीत हवेत, आणि दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत. कान ४५ अंशांनी फिरलेले असले की दुसरा क्रॉस पहिल्याची चूक पूर्ण भरून काढू शकत नाही. मग उरलेला धक्का फेऱ्यामागे दोनदा क्रॉसवर, दातांवर आणि पिनियनच्या बेअरिंगवर बसतो. मिनिटाला २००० फेरे म्हणजे मिनिटाला ४००० धक्के.

पहिला क्रॉस बदलताना शाफ्ट दोन तुकड्यांत काढला गेला आणि खूण न करता परत जोडला, एवढीच मूळ चूक. दुसरा आणि तिसरा क्रॉस त्या चुकीत गेला. पहिला मात्र त्याच्या वयाने गेला होता, त्याने बारा वर्षं काढली होती.

दुसऱ्या अटीतही माझी गाडी नापास झाली. दोन वर्षांपूर्वी मी खताची पोती आणि उसाचं बेणं वाहायला मागे प्रत्येक कमानीत एकेक जादा पाटा टाकून घेतला होता. रिकामी गाडी मागून उंच झाली, हाउसिंग आणि ट्रान्सफर केसमधला उभा फरक बदलला. कोन मोजायला महागडं काही लागत नाही. मोबाइलमधलं लेव्हल दाखवणारं ॲप चालतं, नाहीतर कोनमापकाला ओळंबा बांधा. गाडी सपाट जागी, चाकांवर उभी, नेहमीच्या वजनासह. ट्रान्सफर केसच्या फ्लँजचा कोन, शाफ्टचा कोन आणि पिनियनच्या फ्लँजचा कोन घ्या. पुढच्या जॉइंटचा कोन आणि मागच्या जॉइंटचा कोन यांत एका अंशापेक्षा जास्त फरक नको. माझ्यात साडेतीन अंशांचा निघाला. जादा पाटा काढून टाकला तेव्हा फरक अर्ध्या अंशावर आला. ज्यांना उंची हवीच आहे त्यांनी पाट्याखाली पाचर घालून पिनियनचा कोन जुळवावा, पण ते काम ज्याला कळतं त्याच्याकडूनच.

आता ते दोन भाजलेले हात. माझ्या पिनियनच्या बाजूला चार बोल्टची फ्लँज नाही, क्रॉसचे दोन कप यू-बोल्टने योकमध्ये आवळलेले आहेत. यू-बोल्टवर पाइप घालून जोर केला की कप चेपून लंबगोल होतो, आतल्या सुया घट्ट धरतात, ग्रीस टिकत नाही आणि हात जळतो. बाहेरून तो क्रॉस एकदम घट्ट, एकदम छान वाटतो. म्हणून यू-बोल्ट दोन्ही बाजूंनी थोडा थोडा, सारखा आवळायचा, आणि आवळल्यावर जॉइंट हाताने फिरवून बघायचा. कुठेही अडता कामा नये.

चौथा क्रॉस मी स्वतः बसवला, चाचा शेजारी उभे होते. काढण्याआधी पांढऱ्या ऑइलपेंटने प्रत्येक जोडावर रेघ मारली: फ्लँज आणि योक, नळी आणि स्लिप योक. यू-बोल्ट सुटताच दोन मोकळे कप चिकटपट्टीने क्रॉसला गुंडाळले, नाहीतर ते खाली पडतात आणि सुया मातीत जातात. योकच्या खोबणीतलं लॉक (कप जागेवर धरणारी कडी) काढण्याआधी खोबणी खरवडून डिझेल मुरू दिलं. कप व्हाइसमध्ये दाबून काढला, एका बाजूला कपापेक्षा लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला कप आत मावेल इतका मोठा. हातोड्याने नळीवर एकही घाव घातला नाही. बहुतेक पोचे गॅरेजमध्येच येतात.

बसवतानाची खरी मेख सुयांची आहे. कपात सुया ग्रीसने उभ्या चिकटवलेल्या असतात. क्रॉसचा हात आत जाताना एखादी आडवी पडली तर कप शेवटपर्यंत जात नाही आणि लॉकची खोबणी पूर्ण उघडी दिसत नाही. अशा वेळी व्हाइसला आणखी पीळ द्यायचा मोह होतो. देऊ नका. कप बाहेर काढा, सुई उभी करा, पुन्हा घाला. माझी एक पडली होती, पंधरा मिनिटं गेली. दोन्ही लॉक बसल्यावर योकच्या कानावर तांब्याच्या हातोडीने हलका टोला दिला की कप लॉकला जाऊन टेकतात आणि क्रॉस मोकळा होतो. मग तो बोटाने हलवायचा. सगळ्या दिशांना सारखा, मऊ हलला पाहिजे.

ग्रीसचं निपल गन पोचेल अशा बाजूला ठेवा. ग्रीस लिथियमचं, जास्त दाब सोसणारं, दोन नंबरचं वापरा. गन मारताना चारही कपांच्या सीलमधून ताजं ग्रीस दिसेपर्यंत थांबू नका. तीनच बाजूंनी आलं तर चौथा हात कोरडा आहे आणि तोच आधी जाणार. जॉइंट हलवून, थोडा फिरवून पुन्हा गन मारा. तरीही नाही आलं तर उघडा. फ्लँजला बोल्ट असतील तर ते हाय टेन्साइलचेच, नट नायलॉक आणि नवे. टपरीवरचा साधा बोल्ट इथे चालत नाही. शाफ्ट चालत्या गाडीत सुटून पुढचं टोक रस्त्यात रुतलं तर गाडी उलटू शकते.

पुढच्या शाफ्टबद्दल थोडक्यात. पुढच्या चाकांचे हब लॉक असतील, म्हणजे चाकं आतल्या दांड्याला जोडलेली असतील, तर टू व्हीलमध्येही पुढचा शाफ्ट फिरत राहतो. आवाज येत असेल तर हब सोडून चालवून बघा, आवाज गेला तर दुखणं पुढे आहे. उलट, जे फोर व्हील कधीच टाकत नाहीत त्यांचा पुढचा क्रॉस न वापरता जातो, सुया एकाच जागी बसून गंजतात. महिन्यातून एकदा शेतात किंवा कच्च्या रस्त्यावर फोर व्हील टाकून किलोमीटर-दोन किलोमीटर चालवा. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र टाकू नका. या गाड्यांत मध्ये डिफरन्शियल नाही. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो फरक शाफ्टमध्ये पीळ म्हणून साठतो. दांडा अडकला, निघत नाही, असं झालं तर तो हाच पीळ. चार-पाच मीटर रिव्हर्स घेतलं की सुटतो. मागे नवे आणि पुढे झिजलेले टायर असले तरी सरळ रस्त्यावरही हाच पीळ साठतो.

वॉशिंग सेंटरवर दाबाच्या पाण्याचा फवारा थेट क्रॉसवर मारू देऊ नका, आणि धुतल्यानंतर त्याच दिवशी ग्रीस मारा. सीनेचं किंवा एखाद्या ओढ्याचं पाणी ओलांडून आलात तरी तसंच.

चौथा क्रॉस घालून आता सोळा महिने झाले. ‘टक्’ अगदी गेलेला नाही, डिफरन्शियलचा म्हातारा खेळ आहे तेवढा बारीक ऐकू येतो. पण ६० ला पत्रा शांत असतो. गेल्या आठवड्यात ग्रीस मारताना चारही सीलमधून ग्रीस आलं, बाण समोरासमोर आहेत, पांढऱ्या रेघा जुळलेल्या आहेत. स्लिप जॉइंटच्या दातांमध्ये मात्र थोडी झीज जाणवली, शाफ्ट मधोमध धरून आडवा हलवला की कळते. चाचांना दाखवलं. “ही दिवाळी काढंल. पाऊस उघडला की योक घेऊन या, आन् नवा आणला तरी जुना टाकू नका, मला बघायचाय,” म्हणाले.